पाण्याखालील छायाचित्रण आणि 'शटरचा वेग' : समकालनाच्या प्रश्नाचे विवेचन

पाण्याखाली दहा-बारा मीटर खोलीवर, प्रवाळाच्या खडकासमोर, पाठीमागे सूर्याचे बिंब येईल अशा बेताने एखादा पाणबुड्या छायाचित्र घेतो. खडक काळवंडलेला दिसू नये व त्याचे तांबडे-पिवळे रंग पाण्याच्या निळाईत बुडून जाऊ नयेत म्हणून त्याने कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांस स्ट्रोब लावलेले असतात. पाण्यात शिरणाऱ्या सूर्यकिरणांच्या शलाका रेखीव उमटाव्यात या हेतूने तो शटरची तबकडी १/२५० वरून १/५०० वर नेतो. वर आल्यावर चित्र पाहावे तो त्याचा वरचा भाग निर्दोष आहे. सूर्य आहे, शलाका आहेत, खडकाचा माथाही रंगीत आलेला आहे. परंतु खालच्या भागात, म्हणजे चित्राचा खरा विषय जेथे होता तेथे, एक आडवी सरळ सीमा पडलेली असून तिच्याखालील सारा खडक करडा-निळा व निस्तेज आहे.

असे चित्र हाती आले म्हणजे पहिला संशय स्वाभाविकच स्ट्रोबवर जातो. त्याचे तोंड चुकीच्या दिशेस होते, त्याची विद्युत्-घटमाला उतरली होती, किंवा तो मुळातच दुबळा आहे, असे मानले जाते. आणि पुढच्या बुडीच्या वेळी त्याची शक्ती वाढविली जाते. परिणाम असा होतो की वरचा भाग अधिकच उजळतो, खालचा होता तसाच राहतो, आणि सीमारेषा पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागते. वस्तुतः स्ट्रोबने आपले काम चोख केलेले असते. त्याचा प्रकाश खडकाच्या खालच्या भागावरही पडला होता आणि तेथून परतून भिंगातून आत शिरलाही होता. मात्र तो आत पोचला त्या क्षणी फिल्मचा अथवा संवेदकाचा तेवढा भाग झाकला गेलेला होता.

या चुकीच्या निदानाचे मूळ पुष्कळ अंशी 'शटरचा वेग' या शब्दप्रयोगात आहे. हा प्रयोग इंग्रजीतून मराठीत जसाच्या तसा आलेला असून तो ज्या वस्तूस लावला जातो ती वस्तू वेग नव्हेच. तबकडीवरील १/५०० हा आकडा कालावधीचा आहे : फिल्मच्या प्रत्येक बिंदूवर एका सेकंदाचा पाचशेवा भाग इतका वेळ प्रकाश पडेल, एवढाच त्याचा अर्थ. परंतु 'वेग' म्हटल्याबरोबर असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते की १/६० ला पडदा हळू चालतो, १/५०० ला झपाट्याने धावतो व १/४००० ला तर विजेसारखा जातो. हे चित्र मनात असेतोवर काळ्या पट्ट्याचा उलगडा होणे कठीण; कारण पडदा जर खरोखरच अधिक वेगाने धावत असता, तर वेग वाढविल्याने अडचण वाढण्याऐवजी कमी झाली असती. प्रत्यक्षात पडद्याचा वेग तबकडी कोठेही असली तरी जवळजवळ एकच असतो. बदलते ते दोन पडद्यांमधील अंतर.

फिल्मच्या निकट पुढे बसविलेल्या या शटरची, म्हणजे नाभीतलीय शटरची, रचना समजण्यास दुकानाच्या लोखंडी शटराची कल्पना उपयोगी पडते. एकाच खिडकीवर अशी दोन शटरे आहेत असे समजावे. आरंभी पहिल्या शटराने खिडकी झाकलेली असते. कळ दाबताच ते वरून खाली सरकत जाऊन खिडकी उघडते. ठरलेल्या अवधीनंतर दुसरे शटर त्याच दिशेने, त्याच चालीने, वरून खाली येते आणि ती बंद करते. अवधी दीर्घ असेल तर पहिले तळाशी पोचून स्वस्थ बसलेले असते, खिडकी काही काळ सताड उघडी राहते, आणि मग दुसरे निघते. अवधी अल्प असेल तर पहिले निम्म्या वाटेवर असतानाच दुसरे त्याच्या मागोमाग निघते. अशा वेळी संपूर्ण खिडकी एका क्षणी कधीच उघडी नसते. एक फट तेवढी वरून खाली सरकत जाते. प्रत्येक बिंदूस प्रकाश सारखाच मिळतो, परंतु निरनिराळ्या वेळी मिळतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. निकॉन एफएम२ या कॅमेऱ्याची सुधारलेली आवृत्ती १९८४ साली बाजारात आली. तिच्यात पडद्यास २४ मिलिमीटरांची उभी वाट चालून जाण्यास सुमारे ३.३ सहस्रांश सेकंद लागत. ही चाल ताशी सुमारे २६ किलोमीटर पडते, म्हणजे कोणी जोराने सायकल हाकावी तितकी. 'विजेसारखा' हे विशेषण येथे मुळीच लागू पडत नाही. तबकडी १/२५० वर असता प्रकाशनकाल ४ सहस्रांश सेकंद होतो. त्यातून ३.३ वजा करता ०.७ सहस्रांश उरतात, आणि चौकट संपूर्ण उघडी असते ती एवढाच वेळ. १/१२५ ला हा अवकाश ४.७ सहस्रांश इतका प्रशस्त होतो. उलट १/५०० ला प्रकाशनकाल २ सहस्रांश असल्याने पहिला पडदा तळाशी पोचतो तेव्हा दुसरा आपली वाट १.३ सहस्रांश इतका वेळ चाललेला असतो आणि चौकटीचा सुमारे दोन-पंचमांश भाग झाकून टाकतो. १/४००० ला तर दोन पडद्यांमधील फट दोन मिलिमीटरांहूनही अरुंद असते.

सूर्यप्रकाशात याने काही बिघडत नाही, कारण सूर्य सतत तळपत असतो व फट कोठेही असली तरी तिच्यातून तेवढाच प्रकाश आत येतो. स्ट्रोबचा प्रकाश मात्र क्षणिक आहे. पहिला पडदा तळाशी पोचला की विद्युत्-संपर्क जुळतो आणि स्ट्रोब उजळतो. त्या क्षणी चौकटीचा जो भाग उघडा असेल तोच त्या प्रकाशाचा धनी. यास्तव ज्या अल्पतम प्रकाशनकालास संपूर्ण चौकट एका क्षणी उघडी सापडते, तो काल म्हणजे त्या कॅमेऱ्याची समकालन-मर्यादा होय. इंग्रजीत यासही 'वेग'च म्हणतात, आणि गोंधळात भर पडते. ही मर्यादा प्रत्येक रचनेची निराळी आहे. १९५४ च्या लायका एम३ मध्ये कापडी पडदा ३६ मिलिमीटरांची आडवी वाट चालत असे आणि मर्यादा १/५० होती. १९५९ च्या निकॉन एफ मध्ये ती १/६० झाली. पडदे उभे चालू लागले, म्हणजे वाट ३६ ची २४ झाली, आणि कापडाच्या जागी धातूची हलकी पाती आली तसतशी मर्यादा १/१२५, १/२०० व १/२५० अशी पुढे सरकली. तिच्या पुढे मात्र यांत्रिक पडद्याची मजल फारशी गेलेली नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस एककालिक व कालक्रमिक हा भेद परिचित आहे. छायाचित्र म्हणजे एककालिक दर्शनाचा आदर्श नमुना, अशी सर्वसामान्य समजूत असते. सरकत्या फटीने घेतलेले चित्र ही समजूत खोटी पाडते, कारण त्याची एक कडा आणि दुसरी कडा निरनिराळ्या क्षणांची असते. झाक आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने १९१० च्या दशकाच्या आरंभी घेतलेले शर्यतीच्या मोटारीचे चित्र या दृष्टीने प्रसिद्ध आहे. त्यात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेले दिसते, तर कडेचे प्रेक्षक उलट दिशेस कललेले दिसतात. मोटार झुकली नव्हती आणि प्रेक्षकही कलले नव्हते. फट सरकत असताना मोटार पुढे जात होती व तिचा माग घेण्यासाठी कॅमेरा फिरत होता. स्ट्रोब वापरणाऱ्याची अडचण हीच आहे की त्याच्यापाशी प्रकाश एककालिक आहे आणि शटर कालक्रमिक.

आता पट्टा खालीच का येतो हे पाहावे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पडदे वरून खाली चालतात. म्हणजे दुसरा पडदा प्रथम संवेदकाचा वरचा भाग झाकतो. परंतु भिंगाने पाडलेली प्रतिमा उलटी असते, त्यामुळे संवेदकाचा वरचा भाग हा दृश्याचा खालचा भाग होय. जमिनीवरील अंधाऱ्या खोलीत असे चित्र घेतले तर तो पट्टा निखळ काळा येतो व दोष तत्काळ ओळखू येतो. पाण्यात तसे होत नाही. तेथे सभोवार सूर्यप्रकाशाची निळी पार्श्वभूमी असते, आणि झाकलेल्या भागासही आपल्या वाटणीचा सूर्यप्रकाश, फट तेथून जाताना, मिळालेलाच असतो. त्यामुळे पट्टा काळा न दिसता निळा दिसतो, आणि 'स्ट्रोब तेथवर पोचला नाही' असा भास होतो. तांबडा रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेत असल्याने स्ट्रोबवाचून खडकाचा रंग करडा दिसणे हेही अपेक्षितच. म्हणून शंका शटराकडे वळत नाही. ओळखण्याची खूण एकच : पट्ट्याची कडा चौकटीच्या कडेस समांतर असते. स्ट्रोबचा झोत कमी पडला असेल तर छाया वक्र व विरत जाणारी असते. कॅमेरा उभा धरला असता पट्टा डावीकडे किंवा उजवीकडे येतो. कॅमेरा उलटा धरल्यास तो वर, म्हणजे जेथे मोकळे पाणी व सूर्य आहे आणि स्ट्रोबच्या प्रकाशास उजळण्यासारखे काहीच नाही तेथे, जातो. ही युक्ती विनोदी वाटली तरी शास्त्रशुद्ध आहे, आणि मर्यादा थोडीशीच ओलांडावयाची असेल तेव्हा उपयोगीही पडते.

मर्यादा ओलांडण्याचा मोह पाण्याखालीच इतका का व्हावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चित्रात दोन प्रकाश मिसळतात, सूर्याचा आणि स्ट्रोबचा. सूर्याकडून मिळणारा प्रकाश तीन गोष्टींवर अवलंबून असतो : प्रकाशनकाल, भिंगाचे छिद्र आणि फिल्मची किंवा संवेदकाची संवेदनक्षमता. स्ट्रोबकडून मिळणारा प्रकाश छिद्र व संवेदनक्षमता यांवर अवलंबून असतोच, परंतु प्रकाशनकालावर नसतो, कारण तो प्रकाशनकाल संपण्यापूर्वीच उजळून विझलेला असतो. या दोहोंचे गुणोत्तर काढले तर छिद्र व संवेदनक्षमता ही दोन्ही बाजूंनी छेदून जातात आणि मागे उरतात स्ट्रोबची शक्ती, त्याचे विषयापासूनचे अंतर, आणि प्रकाशनकाल. अंतर बहुधा विषयच ठरवितो. रुंद कोनाच्या भिंगाने खडकाच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊनही काही अंतर उरतेच. म्हणजे सूर्यास आवरून खडक उजळावयाचा तर स्ट्रोब मोठा करणे किंवा प्रकाशनकाल घटविणे, हेच दोन मार्ग राहतात.

उदाहरण घ्यावयाचे तर, १/२५० व एफ/१६ यांनी सूर्याचे बिंब जितके आवरले जाते तितकेच ते १/१००० व एफ/८ यांनीही आवरले जाते. परंतु एफ/८ ला खडक उजळण्यास स्ट्रोबची जेवढी शक्ती लागते तिच्या चौपट एफ/१६ ला लागते. समकालन-मर्यादा १/२५० च्या जागी १/१००० असती, तर पाणबुड्यास चौपट स्ट्रोब आयताच मिळाल्यासारखे झाले असते. जमिनीवर अशा वेळी मोठा दिवा आणता येतो; पाण्यात प्रत्येक स्ट्रोब जलाभेद्य आवरणात, बाहूवर तोलून, पोहत न्यावा लागतो, आणि त्याचा प्रकाश विषयापर्यंत जाताना व परतताना पाणी दोनदा शोषून घेते. तळाशी राहण्याचा वेळही हवेच्या साठ्याने मोजलेला असतो. समकालन-मर्यादा ही जमिनीवर बहुधा गैरसोय असते. पाण्याखाली ती चित्र मिळणे व न मिळणे यांमधील रेषा ठरते.

पाण्याखालील छायाचित्रणाच्या प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे लुई बूतां या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्राखाली चित्रे घेतली, तेव्हा प्रकाशनकाल मिनिटांनी मोजला जाई; मॅग्नेशियमची भुकटी ज्योतीवर उडवून प्रकाश करण्याची योजनाही त्याच्या प्रयोगांत होती. शटर उघडे ठेवावे, प्रकाश करावा, शटर मिटावे, इतका हा सरळ व्यवहार. १९२६ साली फ्लॉरिडानजीकच्या ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ लाँगली व मार्टिन यांनी पाण्याखालील पहिली रंगीत चित्रे घेतली तेव्हा मॅग्नेशियमची भुकटी पृष्ठभागावरील तराफ्यावर पेटविली जात असे. शटराशी प्रकाशाची सांगड घालण्याचा विचार तेथे दिसतो, परंतु त्यातील मुख्य चिंता स्फोटाची होती. पुढे झोताचे काचेचे बल्ब आले. ते पेटून पूर्ण तेजास पोचण्यास सुमारे २० सहस्रांश सेकंद घेत, म्हणून कॅमेऱ्यावर 'एम' खुणेचा निराळा संपर्क ठेवावा लागे, जो शटर उघडण्याच्या आधीच जुळे. ताबडतोब उजळणाऱ्या विद्युत्-झोतासाठी 'एक्स' खुणेचा संपर्क आला. काही बल्ब मुद्दाम दीर्घकाळ जळत राहतील असे केलेले असत, हेतू हा की सरकत्या फटीचा सारा प्रवास त्यांच्या उजेडात व्हावा. या बल्बांची आठवण पुढे पुन्हा येणार आहे.

विद्युत्-स्ट्रोब पाण्यात नेण्याचे श्रेय मॅसॅच्युसेट्स येथील हॅरल्ड एजर्टन यांच्याकडे मुख्यत्वेकरून जाते. १९५३ पासून ते कूस्तोच्या संशोधन-मोहिमांत सहभागी झाले. खोल समुद्रासाठी त्यांनी जे कॅमेरे रचले त्यांत शटराची गरजच नव्हती. तेथे गडद काळोख असल्याने झोताची लखख हेच शटर. 'स्ट्रोब' हा शब्द याच परंपरेतून रूढ झाला. त्याचे मूळ ग्रीक 'स्ट्रोबोस्', म्हणजे गरगर फिरणे. १८३० च्या दशकात व्हिएन्नाच्या सायमन श्टांफरने चक्राच्या उपकरणास 'स्ट्रोबोस्कोप' असे नाव दिले, आणि एका लयीत वारंवार उजळणाऱ्या दिव्यास तेच नाव एजर्टनच्या काळी लागले. आजचा पाणबुड्या ज्यास स्ट्रोब म्हणतो तो एकदाच उजळतो. गरगर फिरण्याशी अथवा वारंवारतेशी त्याचा संबंध उरलेला नाही. जमिनीवरील छायाचित्रकार याच वस्तूस फ्लॅश म्हणतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी शब्द बदलतो, वस्तू बदलत नाही, हा अर्थसंकोचाचा एक मौजेचा नमुना आहे.

सर्वसामान्य पाणबुड्यांच्या हाती कॅमेरा आला तो बेल्जियन अभियंता झां द वूतेर्स याने कूस्तोसाठी रचलेल्या 'कॅलिप्सो'च्या रूपाने; १९६३ पासून निकॉनने तो 'निकोनॉस' या नावाने विकावयास काढला. १९८४ च्या निकोनॉस पाचमध्ये समकालन-मर्यादा १/९० होती, तर १९९२ च्या निकोनॉस आरएस मध्ये १/१२५. फिल्मच्या त्या दिवसांत छत्तीस चित्रे घेऊन वर यावयाचे, फिल्म धुवून यावयाची, आणि मग पट्टा दिसावयाचा. तोवर तो खडक व तो सूर्य शेकडो मैल मागे राहिलेले असत. उलट हान्स हास याच्या कल्पनेतून १९५० च्या दशकात तयार झालेल्या 'रोलायमरीन' आवरणातील रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यास ही अडचण नव्हती, कारण त्याचे शटर भिंगातच होते. भिंगातील पाकळ्यांचे शटर मध्यापासून उघडते व प्रकाश संपूर्ण चौकटीवर एकाच वेळी येऊ देते. ते १/५०० पर्यंत निर्वेध समकालन देई. १९५७ च्या हॅसलब्लाड ५००सी नेही तेच केले. पुढे एकनेत्री परावर्तक कॅमेऱ्यांची सरशी झाली, भिंगे बदलण्याची सोय हवीहवीशी वाटली, आणि समकालनाच्या बाबतीत छायाचित्रकाराने एक पाऊल मागे घेतले. खिशात मावणाऱ्या पुष्कळशा साध्या कॅमेऱ्यांत भिंगातील शटर टिकून राहिले. त्यामुळे सूर्यबिंबाच्या चित्रात एखादा स्वस्त कॅमेरा महागड्यावर मात करतो, हे दृश्य पाणबुड्यांना अपरिचित नाही.

मर्यादेच्या आत राहूनही पट्टा का येतो, हा प्रश्न याच्याही पुढचा आहे. वर १/२५० ला ०.७ सहस्रांश सेकंदांचा अवकाश असल्याचे दिसले. त्यात दोन गोष्टी बसावयास हव्यात : संपर्क जुळल्यापासून स्ट्रोब पेटेपर्यंतचा विलंब, आणि स्ट्रोब उजळून विझेपर्यंतचा काल. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील छोटा फ्लॅश या दोन्ही दृष्टींनी चपळ असतो व उत्पादकाने दिलेला आकडा त्यासाठी खरा ठरतो. पाण्याखालील मोठा स्ट्रोब पूर्ण शक्तीने पेटविला तर त्याच्या संधारित्रात अधिक वीज असते आणि ती रिती होण्यास अधिक वेळ लागतो. त्याचे तेज झटकन चढते व हळूहळू उतरते. या उतरत्या शेपटीवर दुसऱ्या पडद्याचा घाला पडतो. चित्राची खालची कडा किंचित मंद येते, पण इतकी किंचित की ती पाण्याचा गढूळपणा म्हणून सोडून दिली जाते. शक्ती निम्मी वा पाव केली तर झोत लवकर तोडला जातो आणि दोष नाहीसा होतो. म्हणूनच मोठ्या स्ट्रोबसह छापील १/२५० च्या जागी १/२०० वा १/१६० वापरणे अधिक सुरक्षित.

विलंबाची भर कोठे पडते हे जोडणीवर अवलंबून आहे. विद्युत्-तारेने जोडलेला स्ट्रोब संपर्क जुळताच पेटतो. तेथे भय असते ते खाऱ्या पाण्याचे, कारण जोडाच्या रबरी कड्यातून एक थेंब जरी आत गेला तरी संपर्क गंजतो किंवा भलत्या वेळी जुळतो. यावर उपाय म्हणून काचतंतूची जोडणी आली. कॅमेऱ्याचा स्वतःचा लहान झोत किंवा एखादी प्रकाश-उत्सर्जक टिकली उजळते, तो उजेड तंतूवाटे स्ट्रोबपर्यंत जातो व तेथील संवेदक त्यास पेटवितो. मीटरभर तंतूतून प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागांत जातो. त्या वाटेचा विलंब शून्यच धरावा. विलंब होतो तो स्ट्रोबच्या मंडलात आणि दिवा तेजास चढण्यात. याहून मोठा घोटाळा पूर्वझोताचा. आधुनिक कॅमेरा प्रकाश मोजण्यासाठी खऱ्या झोतापूर्वी एक लहान झोत सोडतो. स्ट्रोबला ही गोष्ट ठाऊक नसेल तर तो या पूर्वझोतासच साद देऊन मोकळा होतो, आणि शटर उघडते तेव्हा त्याच्यापाशी काही उरलेले नसते. अशा वेळी पट्टा येत नाही. संपूर्ण चित्रच स्ट्रोबवाचून येते. दोन्ही दोषांस 'समकालन बिघडले' असे एकच नाव दिले जाते, परंतु पहिल्यात शटर चुकलेले असते व दुसऱ्यात स्ट्रोब, आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

आणखी एक बारकावा. कॅमेऱ्यास आपल्या माथ्यावर फ्लॅश असल्याचे कळले तर तो प्रकाशनकाल मर्यादेपेक्षा कमी होऊच देत नाही. केवळ दोन संपर्कांच्या तारेने जोडलेल्या स्ट्रोबची कॅमेऱ्यास जाणीवच नसते. तेथे तो १/१००० ही मुकाट्याने मान्य करतो. पट्ट्याची चित्रे बहुधा अशाच जोडणीत निपजतात.

मर्यादा ओलांडण्याचा रूढ उपाय म्हणजे तथाकथित उच्च-वेग समकालन. ऑलिम्पसने १९८६ साली याचा एक आद्य नमुना बाजारात आणला. यात झोत एकदाच न उजळता सेकंदास हजारो वेळा, इतक्या जलद लुकलुकतो की फटीच्या सबंध प्रवासभर तो सतत जळत असल्यासारखाच असतो. दीर्घकाळ जळणाऱ्या जुन्या बल्बांचाच हा नवा अवतार. आणि गंमत अशी की पाण्याखालील दिव्यास 'स्ट्रोब' हे नाव खऱ्या अर्थाने शोभावे असा हा एकच प्रकार. पट्टा याने निश्चित जातो. परंतु मूळ प्रश्न सुटतो काय? स्ट्रोबची तीच वीज आता फटीच्या सबंध प्रवासावर, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंदांवर, पसरली. त्यातून चित्राच्या कोणत्याही एका बिंदूस फट तेथे असेल तेवढाच अंश मिळतो. १/१००० ला हा अंश सुमारे एक-चतुर्थांश. छिद्र दोन पायऱ्या मोठे केले की झोताची तूट भरून निघते, पण सूर्याचा प्रकाशही पुन्हा १/२५० ला होता तेथेच येतो. स्ट्रोब आता सूर्यासारखाच सतत प्रकाश बनला असल्याने प्रकाशनकाल दोघांसही सारखाच कापतो, आणि गुणोत्तर जागचे हलत नाही. लुकलुकण्यात जी वीज वाया जाते ती धरली तर किंबहुना थोडे नुकसानच होते. चपळ मासा रेखीव यावा किंवा पार्श्वभूमी धूसर व्हावी असा हेतू असेल तर ही सोय मोलाची आहे. सूर्यास आवरण्यासाठी ती घेणाऱ्याची मात्र निराशा होते, आणि 'उच्च वेग' हे नावच त्यास त्या निराशेकडे नेते.

खरा उपाय संवेदकाच्या रचनेत आहे. पडदा काढून टाकल्याने प्रश्न मिटतो असे नव्हे. निकॉनच्या २०२१ च्या झेड९ मध्ये यांत्रिक पडदा नाही, तरी त्याचा संवेदक ओळीमागून ओळ असा वाचला जात असल्याने मर्यादा १/२५० च्या पुढे जात नाही. पडदा गेला, फट राहिली. २०२३ च्या अखेरीस सोनीने घोषित केलेल्या ए९-३ या कॅमेऱ्यात मात्र संवेदकाचा प्रत्येक बिंदू एकाच क्षणी जागा होतो व एकाच क्षणी मिटतो. त्यामुळे समकालन १/८०,००० पर्यंत शक्य झाले. सूर्य व स्ट्रोब यांचे गुणोत्तर आता पडद्याच्या तावडीतून सुटले, परंतु ते स्ट्रोबच्या स्वाधीन झाले. पूर्ण शक्तीच्या झोतास विझण्यास एक सहस्रांश सेकंद लागत असेल, तर १/४००० ला त्याचा थोडाच भाग टिपला जाणार. येथे पट्टा येत नाही, सारे चित्रच सारखेपणाने मंद होते. भिंगातील शटराच्या बाबतीत जुन्या छायाचित्रकारांस हाच अनुभव येत असे.

मराठीत या विषयावर लिहावयाचे झाल्यास 'वेग' हा शब्द पडद्याच्या चालीसाठी राखून ठेवावा, तबकडीवरील आकड्यास 'प्रकाशनकाल' म्हणावे आणि मर्यादेस 'समकालन-काल', हे अधिक सयुक्तिक ठरेल. छायाचित्रकारांच्या तोंडी 'शटर स्पीड' राहणारच, आणि बोलीत ते राहण्यास हरकत नाही. परंतु कारणे सांगणाऱ्या गद्याने तरी काल आणि वेग यांची गल्लत करू नये.

आपल्या कॅमेऱ्याची व स्ट्रोबची खरी मर्यादा जाणून घेण्यास समुद्राची आवश्यकता नाही. कॅमेरा त्याच्या आवरणात बसवावा, बुडीत वापरावयाच्याच तारेने किंवा तंतूने स्ट्रोब जोडावा, खोलीत काळोख करावा आणि पांढऱ्या भिंतीची चित्रे १/६० पासून एकेक पायरी चढत घ्यावीत. एकदा स्ट्रोबच्या पूर्ण शक्तीने, एकदा पाव शक्तीने. भिंतीच्या खालच्या कडेस जेथे पहिली सावली दिसेल त्याच्या एक पायरी अलीकडचा आकडा आवरणाच्या पाठीवर लिहून ठेवावा. पूर्ण शक्तीचा आणि पाव शक्तीचा आकडा निरनिराळा निघाला, तर दोन्ही लिहावेत.